एकदा पेटीवर बस, मग भांडू

सर,

आज सोमवार. तालाचा दिवस काल झाला. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे आज सकाळी मी तुमच्याकडे यायचं, काकूंनी पोह्यांच्या बशा पुढे करायच्या आणि आदल्या दिवशी काय काय चुकलं यावर आपण दोघांनी दुपारपर्यंत भांडायचं. त्याप्रमाणे मी आले होते. काकूंनी पोहेही केले होते. भांडण तेवढं झालं नाही, म्हणून घरी येऊन हे लिहिते आहे.

तुमचा जन्म पिशोरचा, तबल्याचं शिक्षण कोणाकडे झालं, गारखेड्यात क्लास कधी सुरू केलात, किती विद्यार्थी तयार केलेत, हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. ते खरं आहे आणि मी ते पुन्हा लिहिणार नाही. मला तुम्हाला कालचा अहवाल द्यायचा आहे, आणि एक वाद पुरा करायचा आहे. तो या खेपेला मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी चालवावा लागेल. तुमच्या बाजूवर अन्याय होणार नाही असा प्रयत्न करते. तसं वचन मात्र देत नाही.

हे इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना. तालाचा दिवस म्हणजे हिवाळ्यातला एक रविवार. गारखेड्यातल्या एका शाळेचं सभागृह आणि जिल्हाभरातून आलेली वाजवणारी मुलं: तबला, पखवाज, ढोलकी, हलगी, शिवाय कॉलेजच्या बँडमधला एखादा ड्रमवाला. सकाळी कार्यशाळा, संध्याकाळी प्रत्येकाचं छोटंसं वादन. दुपारच्या जेवणापर्यंत कोणी वाद्याला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. वाद्यं बाहेर व्हरांड्यात, देवळाच्या पायरीशी चपला काढून ठेवाव्यात तशी ओळीने. आत फक्त तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने टाळी धरायची.

या नियमाला मी अनेक सोमवार विरोध केला आहे. माझा मुद्दा सरळ होता. जो मुलगा कन्नड तालुक्यातून पहिल्या एसटीने, मांडीवर डग्गा सांभाळत येतो, त्याचा अर्धा दिवस वाद्याविना घालवणं हा वेळेचा अपव्यय आहे. तुमचं म्हणणं असं, की हाताला लई घाई असती, तोंड खोटं बोलत नाय. तोंड खोटं बोलतं हे तर सगळ्या जगाला ठाऊक आहे, असं मी म्हणाले होते, तेव्हा तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळत नुसते हसलात. काल वाद्यं बाहेरच होती, सर. यात मी हरले असं समजू नका. एका प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाचा परिणाम कशामुळे झाला ते कळत नाही. आणि यंदा एक गोष्ट आधीच बदललेली होती.

ती गोष्ट म्हणजे पेटी.

नवख्या पालकांना दरवर्षी एक कोडं पडायचं. तबल्याचे एवढे नावाजलेले मास्तर, आणि स्वतःच्या कार्यक्रमात तबल्याला शिवत नाहीत. संध्याकाळ झाली की तुम्ही व्यासपीठाच्या कडेला पेटी घेऊन बसायचात आणि शेवटच्या मुलाचं वादन संपेपर्यंत लेहरा धरायचात. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक सुरावट; संपली की पुन्हा पहिल्यापासून, तीच, तशीच. तबला वाजवणाऱ्याने काय वाटेल ते वाजवावं, कितीही लांब भटकावं, पण फिरून पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, त्या सुरावटीला गाठावं. सगळी मुलं बदलायची, सुरावट बदलायची नाही. गेल्या पंधरवड्यात तुमची पेटी मी शहागंजात अनीसभाईंकडे दुरुस्तीला नेली. त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं, आणि खूप हसले. म्हणाले, "मास्टरां की पेटी हय ना ये? देखो, पाँच-छे पट्ट्या घिस गये, बाकी के नवे के नवे. इत्ती बडी पेटी कायको लिए थे उनो?"

मी एवढंच सांगितलं की मास्तरांना तेवढंच वाजवायचं होतं.

लेहऱ्यावरून आपलं भांडण जुंपलं ते मी पुण्यात एम.एस्सी. करत असताना. त्याआधी मी तुम्हाला सुचवून पाहिलं होतं, की फोनवर आता लेहऱ्याची ॲप आहेत. ताल निवडा, लय निवडा, ते न थकता वाजत राहतं. तुम्ही मोकळे व्हाल, समोर बसून मुलांचं ऐकाल. तुम्ही विचारलंत, की मोकळं होऊन करायचं काय, भाषण? तो विषय तिथे संपला. पण एका वर्षी मी तालाच्या दिवसाची संध्याकाळ ध्वनिमुद्रित केली. ध्वनीचं विश्लेषण हा माझा अभ्यासाचा विषय होता आणि हाताशी त्यासाठीचं सॉफ्टवेअर होतं. लेहऱ्याच्या प्रत्येक मात्रेचं अंतर मोजून मी आलेख काढला. सोमवारी तो तुमच्यापुढे ठेवला.

तुम्ही चष्मा पुसून घातलात. कागद जवळ धरलात, लांब धरलात. "डोंगर बरा काढलाय. कन्नडच्या घाटासारखा."

तो डोंगर म्हणजे तुमची चोरी होती, सर. एका लहान मुलाच्या वादनात समेच्या आधीच्या चार मात्रा तुम्ही ताणल्या होत्या. तो मागे पडत होता आणि तुम्ही त्याच्यासाठी सम लांबवत नेलीत. दुसऱ्या एका ठिकाणी मुलगा लवकर पोचला होता, तर तुम्ही लेहऱ्यातली अख्खी मात्रा गाळून टाकलीत आणि सम त्याच्या हाताखाली सरकवलीत. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, हे फसवणं आहे. त्या मुलाला वाटलं की तो समेवर आला. तो आला नव्हता. तुम्ही सम आणलीत.

"हे तुझं यंत्र खरं बोलतं का?" तुम्ही विचारलंत.

"बोलतं."

"मग त्याला विचार बरं, ते लेकरू रात्री नीट जेवलं का नाय."

मी उसळले. मोठ्या मैफिलीत कोणी याच्यासाठी मात्रा गाळणार नाही, तिथे तो तोंडघशी पडेल, त्याची जबाबदारी कोणाची, असं विचारलं. तेव्हा पडू दे की, आत्ता गुडघे कच्चे हैत, असं म्हणून तुम्ही आलेखाची घडी केलीत आणि ती डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारलीत. स्टूल डुगडुगायचं थांबलं. माझ्या संशोधनाचा तो पहिला प्रत्यक्ष उपयोग, असं तुम्ही काकूंना ओरडून सांगितलंत.

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. तो मी विचारला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्याही कोणत्या सोमवारी नाही. बाकी सगळ्यांवरून भांडले, त्या एकाच प्रश्नाला बगल देत राहिले. आता तो लिहिते: सगळ्यांना सांभाळून घेतलंत, मग मला का नाही?

तुम्हाला ती संध्याकाळ आठवत असेल याची मला खात्री आहे, कारण तुम्ही तिचा विषय कधीच काढला नाहीत. मी बारावीत होते. तालाच्या दिवसात माझं पहिलंच एकल वादन. तुम्ही शिकवलेल्या तिहाया बाजूला ठेवून मी स्वतःची एक रचली होती. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा, मध्ये हवा तर श्वासाएवढा विराम, आणि तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा 'धा' नेमका समेवर. गणित मला आवडायचं. रसायनशास्त्राच्या तासाला वहीच्या समासात मी तिचा हिशेब मांडला होता. सुरुवात कितव्या मात्रेवर करायची ते अचूक काढलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

माझ्या आधी पिशोरचा एक मुलगा वाजवून गेला. तो चुकला, तुम्ही मात्रा गाळलीत, तो हसत उतरला. मला ते कळलं होतं. तेवढा कान तुम्हीच तयार केला होता. मग मी बसले. कायद्याची मूळ रचना झाली, तिचे बदलते पलटे झाले, आणि मी तिहाई घेतली. माझा शेवटचा 'धा' पडला तो समेआधीच्या मोकळ्या मात्रेवर. तुमची ओळ एका मात्रेने नंतर, म्हणजे अगदी वेळेवर, समेवर आली. सभागृहात वाजवणारीच माणसं बसलेली होती, त्यामुळे कोणालाच काही समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पेटीच्या भात्याकडे पाहत होतात. सुरावट चालूच होती, पुन्हा पहिल्यापासून, तीच, तशीच. मी ठेका धरला आणि तुम्ही शिकवलेली जुनी तिहाई वाजवून कशीबशी उतरले.

परतताना बाबांच्या स्कूटरवर मागे बसले होते. बाबा बँकेत अधिकारी, त्यांना तबल्यातलं काही कळत नाही, आणि न कळणाऱ्या माणसाच्या पूर्ण खात्रीने ते म्हणाले की फारच छान झालं. मी उत्तर दिलं नाही. त्या स्कूटरवर आणखी एक गोष्ट झाली, ती शेवटी सांगते. तेव्हा मला तिची किंमत कळली नव्हती. मला फक्त एवढंच समजत होतं की मास्तरांनी पिशोरच्या पोराला वाचवलं आणि मला पडू दिलं. तो तुमच्या गावचा, मी शहरातल्या बँक अधिकाऱ्याची मुलगी, असाही एक क्षुद्र विचार मनात येऊन गेला. तो फार टिकला नाही. पण प्रश्न टिकला.

यंदाच्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा तुम्ही म्हणालात की या वर्षी लेहऱ्याला तू बस. मी नाही म्हणाले. मी तबला वाजवते, पेटी माझं काम नाही. आणि माझा जुना प्रस्ताव अजून कायम आहे: ॲप लावा, सगळ्यांना सारखं माप मिळेल. तुम्ही खोकत होतात. खोकला ओसरल्यावर म्हणालात, "तेजू, एकदा पेटीवर बस. मग भांडू."

आपल्यातलं तुमचं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर फोनवर जे बोललो ते औषधांबद्दल होतं, ते मी धरत नाही.

तुम्ही गेल्यावर आम्ही जुने विद्यार्थी तुमच्या खोलीत जमलो. यंदा दिवस करू नये, वर्ष तसंच जाऊ द्यावं, असं बहुतेकांचं मत होतं. मी करावा असं म्हणाले, आणि माझ्या बोलण्याच्या पद्धतीमुळे तो ठराव झाल्यासारखाच झाला. लेहऱ्याचं काय, असा प्रश्न निघाला. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण ॲपचं माझं मत सर्वांना पाठ होतं. मी सांगितलं, ॲप तयार ठेवू. आणि पेटी शहागंजात टाकून आले.

पेटी परत आणल्यावर मी रोज संध्याकाळी तुमच्या खोलीत बसून तीच ओळ घोटत असे. पहिल्या दिवशी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल. त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं म्हनत व्हते, बंद करा ते पीं पीं. आता कुठं बंद झालं तर तू सुरू केलंस." मग आत गेल्या आणि कुकरची शिट्टी झाल्यावर परत येऊन बराच वेळ दाराला टेकून ऐकत राहिल्या.

आता कालचा अहवाल. सत्कार रद्द केले. शाल नाही, नारळ नाही, दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांचं मनोगत नाही. तुम्ही खूश झाला असतात. पाहुणे झाले नाहीत. पखवाजाच्या कार्यशाळेत नेहमीप्रमाणे मुलांना वादनापेक्षा डाव्या तोंडाला कणीक लावण्यातच जास्त रस होता, आणि उरलेल्या कणकेचे उंदीर झाले. हलगीच्या सत्रात टाळी धरून बसलेली पोरं शेवटी उभी राहिली, बाकं सरकली, आणि शाळेच्या शिपायाने येऊन विचारलं की इथं वरात हाय का कार्यशाळा. जेवणात भाकरी, पिठलं आणि पिशोरहून आलेला ठेचा होता. ठेच्याबद्दल ड्रमवाल्या मुलाला कोणी सावध केलं नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.

संध्याकाळी व्यासपीठाच्या कडेला फोन आणि स्पीकर मांडलेला होता. शेजारी तुमची पेटी. मी पेटीमागे बसले आणि भाता उघडला. फोन तसाच राहिला. हा निर्णय मी कोणत्या तर्काने घेतला ते विचारू नका. तुम्ही अट घातली होती की आधी बसायचं, मग भांडायचं. मला भांडायचं होतं.

पहिली काही मुलं नीट वाजवून गेली. मग ओंकार नावाचा एक लहानगा आला, इतका लहान की डग्ग्यामागून त्याची हनुवटीच दिसत होती. त्याने चार-पाच आवर्तनं छान वाजवली आणि एका पलट्यात त्याची लय सुटली. हात चालू राहिले, पण त्यांच्यातलं वजन गेलं. डग्ग्यावर तळहात घासून निघणारी घिस्सी विरली, आवाज बारीक होत गेला, आणि त्याने मान वळवून पेटीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे. त्या नजरेसमोर मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. बोट पुढच्या पट्टीवर जायला तयार होतं, ते गेलं नाही. थांबलं. मग पुढचंही थांबलं. सम त्याच्यापर्यंत पोचली, त्याने 'धा' मारला आणि हनुवटी वर आली. माझ्या आलेखावर तो डोंगर उमटला असता, कन्नडच्या घाटासारखा.

मी चोरी केली होती, सर, आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

आणखी दोन मुलांनंतर आली वैष्णवी. तुमच्या पिशोरची, अकरावीत शिकणारी. तुमच्याकडे शनिवार-रविवार यायची तीच. ताठ बसली, तबल्याच्या दोन गठ्ठ्यांवर हातोडी मारून सूर जुळवला, मला लय टाळीने दाखवली, मागितली नाही. वादन पक्कं होतं. शेवटी तिने स्वतः रचलेली तिहाई घेतली, आणि तिसरा तुकडा अर्ध्यावर असतानाच मला कळलं की ती समेवर पडणार नाही. वेळ होता. मात्रा गाळता आली असती. सराव नसताना थोडी धसमुसळी झाली असती, पण जमली असती. माझी बोटं हलली नाहीत. सुरावट सरळ गेली. तिचा 'धा' अलीकडे पडला आणि सम तिच्या डोक्यावरून निघून गेली.

एका संध्याकाळी, एकाच पेटीवर, मी एकीसाठी मापाला हात लावला नाही आणि एकासाठी लावला. याचं स्पष्टीकरण मला हवं होतं, आणि ते मला तिथेच, भाता ओढता ओढता, मिळालं. खाली श्रोत्यांत बसून ते मला मिळालं नसतं, आणि आलेखावर तर मुळीच नाही. हरवलेलं मूल पेटीकडे बघतं. वैष्णवीने बघितलं नव्हतं. ती चुकत होती, पण ती मोजत होती. दर चौथ्या मात्रेला डग्ग्यावरचा तिचा दाब पक्का होता, ओठ हलत होते. ओंकारचं मोजणं संपलं होतं. त्याला फक्त खाली उतरायला मदत हवी होती. वैष्णवीचं मोजमाप चालू होतं. चालू मोजमापात कोणी माप बदललं, तर मोजणाऱ्याचं सगळं गणित खोटं ठरतं, आणि गंमत म्हणजे त्याला ते खरंच वाटत राहतं.

दोन उदाहरणांवरून नियम मांडता येत नाही, हे मला माहीत आहे. तुमचं कारण काही वेगळंच असू शकेल. असतात तर विचारलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर मी पेटीला खोळ घालत होते. वैष्णवी समोर येऊन उभी राहिली. तिचा तबला बांधून झाला होता, डोळे कोरडे होते, आवाज चढलेला.

"ताई, त्या बारक्यासाठी थांबल्या तुम्ही. मला कळलं. माझ्यासाठी का नाय?"

सर, जो प्रश्न मी इतकी वर्षं पोह्यांबरोबर गिळला, तो या मुलीने खोळीची नाडी बांधून होईपर्यंतही आत ठेवला नाही. मला तिचा हेवा वाटला. मी म्हणाले, "तू मोजत होतीस. मी मध्ये हात घातला असता, तर तुझी चूक तुला कधी सापडली नसती."

"अजून कुठं सापडलीय."

"सापडेल."

"तुम्हाला माहितीय ना कुठंय ती? मग सांगा की."

मला माहीत होतं. पेटीवरून स्वच्छ ऐकू आलं होतं. मी सांगितलं नाही, आणि इथेही लिहीत नाही, कारण ती चूक तिची आहे. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी ओळखते. ती बऱ्याच वर्षांपूर्वी माझी होती, आणि तुम्ही तेव्हा भात्याकडे बघत राहिला होतात. मी खोळीकडे बघत राहिले. "बरंय," म्हणून ती निघाली. पिशोरची मंडळी एका जीपमध्ये दाटीवाटीने बसली होती. ती काठाला बसली, माझ्याकडे पाहिलं नाही. जीप वळेपर्यंत तिचा उजवा हात मांडीवर चालू होता: तुकडा, विराम, तुकडा.

आता स्कूटरवरची गोष्ट. तेव्हा जालना रोडवर बाबांच्या पाठीमागे बसून माझाही हात मांडीवर चालू होता. अपमान झाला होता, राग आला होता, तरी हात थांबत नव्हता. सिग्नलला गाडी थांबली आणि मला चूक सापडली. तीन तुकडे, म्हणून मी तीन विराम धरले होते. विराम दोनच असतात. तिसऱ्या तुकड्यानंतर विराम नसतो, सम असते. खांब तीन असले तरी मधल्या जागा दोनच, एवढी साधी गोष्ट. मी एक मात्रा जास्त मोजली आणि एक मात्रा आधी सुरुवात केली. इतकंच. सिग्नल सुटला तेव्हा मी हसत होते आणि बाबांना वाटलं की कौतुक आत्ता पोचलं.

तुम्ही त्या संध्याकाळी एक मात्रा गाळली असतीत, तर मी टाळ्या घेऊन उतरले असते आणि तीन तुकड्यांना तीन विराम असतात असं आजही मानत राहिले असते. त्याहून वाईट म्हणजे, माझं गणित बरोबर होतं असं मानलं असतं. पुढे प्रयोगशाळेत उत्तर जुळलं नाही की उपकरणाला दोष न देता मी आधी आपल्या मोजणीकडे वळते. माझे मार्गदर्शक याला शिस्त म्हणतात. ती मला प्रयोगशाळेने दिली असं मी आजवर सगळीकडे सांगत आले. ती मला तुमच्या पेटीने दिली. हे वाक्य लिहायला मला कालची संध्याकाळ लागली.

आज सकाळी काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पोह्यांवर खोबरं भुरभुरलं आणि म्हणाल्या की यात एवढं शोधायचं काय होतं, मला विचारायचंस. "ते म्हनायचे, बाकीच्या लेकरांना हात द्यावा लागतो. हिला हात दिला की ही चावती."

यावर मी तुमच्याशी वाद घातला असता. चावते हा शब्द शास्त्रीय नाही. पण मी पोहे खाल्ले आणि तुमच्या खोलीत जाऊन पेटी जागेवर ठेवली. स्टुलाच्या पायाखाली माझा आलेख अजून आहे. तो काढावा असं मनात आलं होतं. काढला नाही, स्टूल डुगडुगलं असतं.

तर भांडणाचा निकाल. ॲपबद्दलचा माझा प्रस्ताव मी मागे घेते. सकाळी वाद्यं बाहेर ठेवण्याच्या नियमावर माझा आक्षेप कायम आहे आणि पुढच्या वर्षी मी तो बदलून बघणार आहे. फसवणुकीचा आरोप अर्धा मागे घेते, कारण आता मीही सहआरोपी आहे. आणि त्या जुन्या प्रश्नाबद्दल, जो मी कधी विचारला नाही आणि ज्याचं उत्तर तुम्ही मला, पेटीवर बसवून, तरीही दिलंत:

त्या संध्याकाळी तुम्ही मला सांभाळून घेतलं नाहीत, सर. त्याचे आभार मानायचे राहिले होते.

तुमची,
तेजू